खाकपिराची एकच फरशी

दर्ग्याच्या या मातकट भिंतीवर एकच फरशी का, असं येणारा प्रत्येक जण विचारतो. आठ टोकांची, चांदणीसारखी, आणि जरा कलून पाहिलं की सोन्यासारखी झळकणारी. बाकीच्या चोरीला गेल्या का, असंही विचारतात. चोरीला जायला आधी भिंतीवर लागायला तर हव्यात!

असं सांगतात की इराणातल्या काशानहून बहराम नावाचा फरश्या घडवणारा उस्ताद आपल्या मुलीला, माहबानूला, घेऊन इथे येऊन राहिला होता. एका साली तापाची साथ आली आणि पोर अंथरुणाला खिळली. ती वाचली तर पिराची भिंत सोन्याची करीन, असा नवस तो बोलला. माहबानू उठली. उस्तादाने फरश्या घडवल्या, रंगवल्या. सोनेरी झाक चढते ती शेवटी, धुराच्या भट्टीत. ती भट्टी पेटली आणि उस्तादच तापाने पडला. नवस अपुरा राहिला तर पोर हातची जाईल, या धास्तीने तो सारखा भट्टीचंच विचारायचा म्हणे.

भट्टी सांभाळायला गावचा सटवाजी कुंभार होता. असलं काम त्याने कधी पाहिलं नव्हतं. निवल्यावर उघडली, तर सगळ्या फरश्या काळ्याकुट्ट. धावत जाऊन त्याने उस्तादाला विचारलं, आता काय करू? ग्लानीतल्या उस्तादाच्या तोंडून एकच शब्द आला, "खाक."

जळून खाक झालं, असंच सटवाजी समजला. वाया गेलेलं भांडं कुंभार ठेवत नाही, फोडून टाकतो. आणि करपलेला नवस पिराला कसा वाहायचा? रडत रडत तो एकेक फरशी फोडत गेला. आवाज ऐकून पाण्याला गेलेली माहबानू घागर टाकून पळत आली. सटवाजीने तिला उस्तादाचा शब्द सांगितला.

"काका, आमच्यात खाक म्हणजे माती," ती म्हणाली. "ओल्या मातीने घासा, म्हणत होते बाबा."

एकच फरशी उरली होती. तिने ती ओल्या मातीने घासली. काजळी गेली आणि सोनं वर आलं. तिने ती बापाच्या हातात दिली. त्याने डोळ्यांना लावली आणि विचारलं, "बाकीच्या?"

"भिंतीवर लावल्या, बाबा."

उस्तादाने डोळे मिटले ते मिटलेच. माहबानूला मात्र पुढे कितीतरी वर्षं प्रत्येक बारीकसारीक तापाची भीती वाटायची. पण पिराने एका फरशीवर भागवून घेतलं, ती म्हातारी होऊन गेली.

तेव्हापासून हा खाकपीर. आजही उरसाला सटवाजीच्या घरचे ओली माती घेऊन येतात आणि अख्खी भिंत हळू हाताने घासतात, सगळ्या फरश्या लावलेल्या असल्यासारखी.