बोटभर फट

"मग आता अजून काय सुधारू, तेवढं सांगा बुवा. एकदाच काय ते सांगा."

केरबा सुताराने हे विचारलं आणि खांद्यावरची हत्यारांची पिशवी लिंबाखाली टाकून दिली. आतली पटाशी, तासणी, पाना एकमेकांवर आपटले. त्याने वळूनही पाहिलं नाही.

चिमणबुवा मठाच्या पायरीवर उन्हाला पाठ देऊन बसले होते. मठात येण्याआधी त्यांचा सारा जन्म नांगर घडवण्यात गेला होता, आणि केरबा त्यांच्याच हाताखाली शिकला होता. आता बुवांना दम लागायचा. बोलायच्या आधी ते थोडा श्वास गोळा करत.

"बस," ते म्हणाले.

"बसायला सवड कुटं हाय?"

तरी तो बसला. पायांनी त्याला विचारलंच नाही.

केरबाचं दुखणं असं होतं. जुन्या नांगराच्या सांध्यात लाकडाची एक पाचर असते. ती कमीजास्त ठोकली की फाळ जमिनीत खोल जातो किंवा वर येतो. सुताराने नांगर द्यावा तो पाचर न ठोकता. पाचर पानसुपारीबरोबर शेतकऱ्याच्या हातात ठेवावी, अशी त्या भागातली रीत. केरबाला ही रीत म्हणजे कारागिराचा आळस वाटे. लोक पाचर कशीही ठोकत, नांगर वाकडातिकडा चाले आणि नाव मात्र सुताराचं जाई.

म्हणून त्याने पाचरच काढून टाकली. गावच्या काळ्या रानात वर्षंच्या वर्षं घालवून फाळाचा नेमका कल शोधला आणि लोखंडी बोल्ट घालून सांधा कायमचा आवळला. आत केससुद्धा शिरणार नाही, असा. काळ्या रानात तो नांगर चालताना बघायला लोक बांधावर उभे राहिले. केरबाची छाती फुगली, आणि गावोगावचे लोक ते नांगर घेऊन गेले.

तिथून त्याच्यामागे शुक्लकाष्ठ लागलं. माळावर नांगर मुरमात रुतला, नदीकाठच्या भुसभुशीत मातीत नुसता वर तरंगला. ज्याचा त्याचा एकच निरोप, केरबा, येऊन जा. केरबा जायचा, त्या रानापुरता कल बदलायचा, बोल्ट पुन्हा आवळायचा. मग एखादी सर पडायची, माती बदलायची, आणि निरोप्या पुन्हा दारात.

"बायको म्हणती, घर म्हंजे तुमची वाटंवरची पाणपोई झालीय," केरबा म्हणाला. "येता, पाणी पिता, जाता."

"खोटं बोलती?"

"न्हाई..."

लिंबावर एक कावळा उगाच ओरडत होता. बुवांनी त्याच्याकडे पाहिलं, केरबाकडे पाहिलं.

"मेव्हणा त्याच्या लाकडाच्या वखारीत बसायला बोलवतोय," केरबा म्हणाला. "उद्या त्याला होय सांगणार. पर मनात आलं, तुम्ही शिकवलंत, तुमास्नी एकदा विचारावं. एक शेवटची सुधारणा सांगा. अशी, की कुठल्याबी मातीत नांगर अडायला नको. जमली तर हत्यार हातात राहील. न्हाई तर ही पिशवी आजच हितं सोडून जातो."

"सांधा चांगला केलायस," बुवा म्हणाले.

"पंचक्रोशीत कुणाला जमलाय?"

"कुणालाच न्हाई."

एवढ्या थकव्यातही केरबाची मान ताठ झाली. खोड कुठली जातेय!

तेवढ्यात महिपती बैलं घेऊन आला. मठाचं माळरान तो वाट्याने करायचा. केरबाचा नांगर त्याच्या बैलांच्या मागे फरफटत येत होता. अंगणात येऊन त्याने तो सोडवला.

"बरं झालं गावलास केरबा," तो म्हणाला. "आरं, बैलं गुडघ्यावर आली माझी. मुरमातनं फाळ निघंना. आता तूच बघ बाबा."

केरबाने डोळे मिटले. मग गुडघ्यांवर हात टेकून उठला.

"आण हिकडं. थोडा वर घेऊन देतो."

"थांब," बुवा म्हणाले. "पाना दे."

गुरू स्वतः हात लावणार म्हटल्यावर केरबाला धीर आला. त्याने पिशवीतून पाना काढून दिला. बुवा नांगराशी बसले. पाना दोनदा घसरला. पण त्यांनी बोल्ट काढले आणि कफनीच्या खिशात टाकले.

"वाकळ टांगायला हुतील," ते म्हणाले. "आता पटाशी."

पटाशी हातात येताच त्यांनी तिचं तोंड सांध्याच्या भोकाला लावलं आणि वरून ठोकायला सुरुवात केली. सागवानाचा पहिला ढलपा उडाला.

"बुवा!"

बुवा ठोकत राहिले.

"बुवा, अवो माझी सगळी वर्षं गेलीत त्या सांध्यात!"

"व्हय. दिसतंय."

दुसरा ढलपा उडाला, तिसरा उडाला. केस शिरणार नाही अशा त्या सांध्यात बोटभर फट पडली. बुवांना धाप लागली, तेव्हाच ते थांबले. नांगर हलवून पाहिला. तो खुळखुळ वाजला.

केरबाला रडू आलं. लपवण्याइतकंही त्राण त्याच्यात नव्हतं.

"सुधारा म्हणून आलो हुतो. तुम्ही तर मोडून ठेवला..."

बुवा महिपतीला म्हणाले, "घेऊन जा."

"असा? खिळखिळा?"

"असाच."

महिपतीने एकदा बुवांकडे पाहिलं, एकदा केरबाकडे. दोघांपैकी नेमकं कुणाला वेड लागलंय, ते त्याला ठरवता येईना. शेवटी त्याने जळणाच्या ढिगातून बाभळीचं एक काटूक उचललं, कुऱ्हाडीने तासलं, सांध्यात घातलं आणि दगडाने ठोकलं. ते पाहून केरबाच्या अंगावर काटा आला. सुताराच्या पोराने असं ठोकलं असतं तर बापाने त्याला उपाशी ठेवलं असतं.

मठाच्या पायरीवरून रान दिसत होतं. महिपतीने बैलं जुंपली. चार पावलांत फाळ रुतला. तो खाली वाकला, दगडाने काटूक थोडं उचकटलं, पुन्हा हाकललं. आता फाळ नुसता माती खरवडत निघाला. तो पुन्हा थांबला, पुन्हा वाकला.

"आरं, उजवीकडनं ठोक!" केरबा ओरडत उठला.

बुवांनी त्याचं मनगट धरलं. म्हातारा हात होता, पण सुटेना.

"सोडा बुवा. तिथं जाऊन एका ठोक्यात..."

बुवांनी मान रानाकडे वळवली.

खाली महिपतीने आणखी एकदा दगड मारला आणि बैलांना हाक दिली. नांगर निघाला. एका बाजूला कलला, सावरला, चालत राहिला. मुरमाला वरच्यावर टाळत फाळ माती उलटवत गेला. बांधापर्यंत गेला, वळला, परत आला. महिपती बैलांशी काहीतरी बडबडत होता. मठाकडे त्याने एकदाही वळून पाहिलं नाही.

बुवांनी मनगट सोडलं.

केरबा उभाच होता. त्याला वाईट वाटलं. मग पाठीवरून ओझं उतरल्यासारखंही वाटलं, आणि तसं वाटल्याचा रागही आला.

"नांगराचं तास वाकडं पडतंय," तो म्हणाला.

"व्हय."

"काटूक कच्चं हाय. पिचंल."

"दुसरं घालंल."

केरबाने पटाशी पुसून पिशवीत घातली. उन्हं पायरीवरून उतरली होती.

"नदीकाठच्या वाडीत बी नांगर अडलाय," केरबा हळूच म्हणाला. "वखारीचं ऱ्हाऊ दे. उद्या तितं जातो. अशीच फट पाडतो..."

"पाड."

"आन् पाचर मी स्वतः नीट बसवून देतो. मग रोज एक चक्कर मारली, बघितलं, तर..."

बुवांनी थोडा श्वास गोळा केला.

"केरबा, लेक दिल्यावर तिच्या चुलीतलं जळण सारायला बाप रोज जातो व्हय रं?"