कुंभारीण माशीचा पाठ

देवळांवर नुकते कळस चढत होते, त्या काळची ही गोष्ट. एका देवळाच्या कोनाड्यात वृद्ध कुंभारीण माशी मातीची घरटी बांधी आणि तरुण माश्यांना ती विद्या शिकवी. एका वर्षी पुराने तांबडी माती वाहून नेली. उरलेल्या काळ्या मातीची तिची घरटी वाळताच तडकू लागली. अंडी घालण्याचे दिवस तर तोंडावर आले होते.

काकडआरती झाली, की ती वारुळातल्या वाळवीकडे जाऊन काळ्या मातीत वाळू मिसळायला शिकू लागली.

शिष्या कुजबुजल्या, "गुरुमाय, या वयात वाळवीपुढे बसता? लोक हसतील!"

"हसोत बापडे. अंड्यांवर पांघरायला माझी कीर्ती पुरणार नाही."

नवे घरटे वाळले, पण तडकले नाही. शिष्या ओशाळून म्हणाल्या, "आम्हांलाही शिकवा."

"उद्या लवकर उठा," ती म्हणाली. "वाळवीबाईंकडे बरोबरच जाऊ. माझाही पाठ अजून संपलेला नाही."