तेलाचा बंब आणि नावडता मेव्हणा

घाटमाथ्यावर एक गाव होतं. हिवाळ्यात तिथे अशी थंडी पडे, की सकाळी आंघोळ करून आलेल्या माणसाकडे लोक आदराने पाहत. त्या गावात त्रिंबकशेट नावाचा डाळींचा व्यापारी राहत होता.

माणूस भला होता. त्याचं माप सरळ होतं आणि जीभ गोड होती. दारात आलेला कुणी चहा घेतल्याशिवाय परत जात नसे. पण निवडलेल्या डाळीतही एखादा खडा राहतोच. त्रिंबकशेटच्या मनातला खडा म्हणजे त्याच्या बायकोचा भाऊ विश्राम.

कारण जुनं होतं. लग्नात नवरीच्या भावाने नवरदेवाचा कान जरासा पिळायचा आणि मानाचा पोशाख घ्यायचा, अशी रीत आहे. विश्रामने कान असा पिळला, की पुढचे सगळे विधी नवरदेवाने एका बाजूने लाल होऊन पार पाडले. वऱ्हाडी हसले. शेट ते विसरला नाही.

शिवाय विश्राम मोठ्याने बोले, मोठ्याने हसे, ताटातलं सगळं संपवून वर वाढा म्हणे आणि कुणी न विचारता सल्ला देई. सर्वांत वाईट म्हणजे, त्याचा सल्ला बहुधा बरोबर निघे.

म्हणून शेटने एक साधा नियम केला होता. विश्राम सांगेल त्याच्या उलट करायचं. एकदा विश्राम म्हणाला, "दाजी, हा फणस अजून पिकू द्या." शेटने तो त्याच दुपारी कापला आणि बराचसा एकट्यानेच खाल्ला. संध्याकाळी तो पोट धरून ओसरीवर बसला होता, पण फणस कच्चा होता हे त्याने कबूल केलं नाही.

घरात शेट, त्याची बायको गोदाबाई आणि म्हातारी आत्याबाई अशी तीन माणसं होती. शेटची आई लवकर गेली. या आत्यानेच त्याला लहानाचा मोठा केला. आता थंडीत तिच्या हातापायांची बोटं आखडत. कढत पाण्याची आंघोळ हे तिचं औषध होतं. गरम पाणी अंगावर पडलं, की ती न्हाणीघरात जुन्या ओव्या म्हणायला लागे. तिचा आवाज वंगण न घातलेल्या रहाटासारखा कुरकुरे, पण तो ऐकला की शेटला बरं वाटे. आत्याचा दिवस चांगला उगवला, असं तो समजे.

पण लाकडं ओली असत. चूल धुमसत राही. पाणी तापून न्हाणीघरात पोचेपर्यंत कोमट होई. तेव्हा शेट शहरात गेला आणि तेलावर चालणारा एक मोठा बंब घेऊन आला. टाकीत रॉकेल घालायचं, नळीतून ते खाली उतरतं, तिथे ते पेटवायचं आणि वर पाणी तापतं, अशी त्याची रचना होती. तांब्याचं अंग नुसतं झळझळत होतं.

दुकानदार म्हणाला होता, "शेट, जाणत्या माणसाकडून बसवून घ्या. तेल आणि आग एका खोलीत आणताय."

गोदाबाई म्हणाली, "मग विश्रामलाच बोलावू. तो शहरातल्या धुलाईच्या कारखान्यात हेच तर करतो. मोठमोठे बंब बसवतो."

"गावातली बाकीची माणसं संपली का?" शेट म्हणाला.

पण बोलावण्याची गरजच पडली नाही. बंबाची बातमी ऐकून विश्राम आपणहून हजर झाला. खांद्यावर हत्यारांची पिशवी होती आणि तोंडात बहिणीच्या हातची चकली होती.

"दाजी, बंब झकास आहे!" तो ओरडला. "आता तो तुम्ही बसवू नका, म्हणजे झालं."

शेटचे ओठ आवळले.

विश्रामने न्हाणीघर पाहिलं. लाकडी पडदीवर बोटांनी टकटक केलं. "या फळ्यांपासून लांब बसवायचा. खाली दगड हवा. तेलाची टाकी भिंतीबाहेर ठेवायची आणि तेल बंद करायची तोटी बाहेरच हवी, म्हणजे काही झालं तर आत हात घालायला नको. धुराचं नळकांडं भिंतीतून बाहेर काढून छपराच्या वर न्यायचं. आणि ही खिडकी आजपासून बंद करायची नाही."

"थंडीत खिडकी उघडी?" शेट म्हणाला. "तुझ्या डोक्यात वारा शिरलाय."

"डोक्यात शिरला तर चालेल. न्हाणीघरात शिरला पाहिजे. दाजी, आगीलाही श्वास लागतो. खोली बंद असली की ती माणसाच्या वाटणीची हवा खाते आणि विषारी वायू सोडते. तो दिसत नाही, त्याला वास नाही. माणसाला नुसती झोप येते."

"झालं तुझं? चहा घे. गाडी चुकेल तुझी."

विश्रामने चहा घेतला. पिशवी उचलली. दारात थांबून तो या वेळी हळू बोलला, "दाजी, मला हवं ते बोला. पण धुराला वाट द्या."

तो गेला आणि शेटने बाह्या सरसावल्या.

बंब त्याने लाकडी पडदीला टेकवून बसवला. "जागा वाचली," तो म्हणाला. तेलाची टाकी बंबाच्या बरोबर वर फळीवर ठेवली. "हाताशी असलेली बरी." नळकांडं छपराच्या वर नेण्याऐवजी माळ्यावर सोडून दिलं. "गावाला ऊब कशाला वाटायची? वर पापड सुकतील." खिडकीत त्याने डाळीची रिकामी पोती अशी ठासून भरली, की उजेडसुद्धा आत यायला बिचकला.

"अहो, विश्राम तर म्हणत होता..." गोदाबाई म्हणाली.

"म्हणूनच!" शेट म्हणाला.

पहिल्या दिवशी पाणी असं कढत आलं, की शेटला आपण राजा झाल्यासारखं वाटलं. त्याने शेजाऱ्यांना बंब पाहायला बोलावलं. पुढे रामजी न्हावी होता. त्याच्या मागे सगळे दाटीवाटीने न्हाणीघरात उभे राहिले.

"शेट, डोळ्यांत पाणी आलं," रामजी म्हणाला.

"कौतुकाने आलं असेल," शेट म्हणाला.

मग सगळ्यांनाच कौतुकाने खोकला आला आणि ते बाहेर पळाले.

दुसऱ्या दिवसापासून काजळी झडायला लागली. शेट न्हाणीघरात गोरा जाई आणि सावळा होऊन बाहेर येई. एका सकाळी तो कपाळावर काळा पट्टा घेऊनच दुकानात जाऊन बसला. गिऱ्हाइकांना वाटलं, शेटने कसलं तरी व्रत धरलंय. दोघातिघांनी त्याला नमस्कारही केला. माळ्यावरचे पापड सुकले, पण ते तळले तेव्हा त्यांना असा वास आला, की कुणी खाईना. आणि माळ्यावर झोपणारी घरची मांजर एक दिवस उठली, दारातून बाहेर पडली आणि शेजारच्या घरी राहायला गेली. शेटच्या घरात सर्वांत आधी शहाणपण आलं ते तिला.

रोज सकाळी घरात सगळ्यांचं डोकं दुखायला लागलं. गोदाबाई म्हणाली, "बंब लागल्यापासूनच दुखतंय."

"लोणचं बाधलं असेल," शेट म्हणाला.

लोणचं बंद झालं. डोकी दुखतच राहिली.

खरं तर शेटच्याही मनात शंका येऊन गेली होती. पोती काढावीत, असं त्याला एकदोनदा वाटलंही. पण पोती काढणं म्हणजे विश्राम बरोबर होता असं म्हणणं. त्यापेक्षा डोकेदुखी त्याला परवडली.

एका सकाळी आत्याबाई आंघोळीला गेली. पाण्याचा आवाज आला. ओवी सुरू झाली. शेट ओसरीवर दात घासत होता. रोजच्यासारखाच तो कान देऊन ऐकत होता.

ओवी मध्येच थांबली.

शेटला वाटलं, शब्द आठवत असेल. तो थांबला. पुढचा शब्द आला नाही. पाण्याचाही आवाज येईना.

"आत्या!" त्याने हाक मारली. उत्तर नाही. गोदाबाई धावत आली आणि तिने दार बडवलं. आतून कडी होती. शेटच्या डोक्यात विश्रामचं वाक्य स्पष्ट उमटलं: माणसाला नुसती झोप येते. त्या क्षणी ते वाक्य कुणाचं होतं, याचा शेटला विसर पडला.

त्याने खांदा मारून दार तोडलं. आत भट्टीसारखी धग होती. आत्या भिंतीला टेकून बसली होती, मान छातीवर पडली होती. शेटने तिला उचललं आणि मोकळ्या अंगणात आणून ठेवलं. गोदाबाईने तिच्यावर घोंगडी टाकली. मग शेट श्वास रोखून पुन्हा आत गेला, कारण पडदीच्या फळ्या धुमसायला लागल्या होत्या. तेलाची तोटी होती आगीच्या बरोबर वर. ओला पंचा हाताला गुंडाळून त्याने ती फिरवली, तरी मनगट भाजलंच. खिडकीतली पोती त्याने ओढून बाहेर फेकली. फळ्यांवर पाणी मारलं आणि खोकत बाहेर आला.

अंगणात आत्या पांढरीफटक पडली होती. गोदाबाई तिचे तळवे चोळत होती. शेट गुडघ्यांवर बसला. "आत्या, डोळे उघड गं," तो म्हणाला. एवढा मोठा व्यापारी लहान पोरासारखा रडत होता.

बऱ्याच वेळाने आत्याने डोळे उघडले. तिला उलटी झाली. मग तिने शेटकडे पाहिलं आणि क्षीण आवाजात विचारलं, "तोंड का रे काळं केलंस?"

गाडी जुंपून तिला तालुक्याच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी तिला नळीतून प्राणवायू दिला आणि दोन दिवस ठेवून घेतलं. "आणखी थोडा उशीर झाला असता," एवढंच ते म्हणाले. पुढचं त्यांनी बोलण्याची गरज नव्हती.

दवाखान्याच्या आवारात गावकरी जमले होते. सगळे शेटच्या बाजूने बोलायला लागले. रामजी म्हणाला, "शेट, तुमचा मेव्हणा आला होता ना पिशवी घेऊन? त्यानेच बसवला असणार तो बंब. मोठा आला कारखान्यातला!"

"येऊ दे पुन्हा गावात," दुसरा म्हणाला. "बघूच त्याच्याकडे."

गोदाबाईने मान खाली घातली. तिने फक्त नवऱ्याकडे पाहिलं.

शेटला नुसतं गप्प बसायचं होतं. खोटं बोलायचीही गरज नव्हती. त्याचं नाव राहिलं असतं आणि नावडत्या मेव्हण्याची परस्पर जिरली असती. मनात इतकी वर्षं जे होतं, ते आयतं हातात आलं होतं.

शेटने घसा खाकरला.

"बंब मी बसवला," तो म्हणाला. "विश्रामने काय करायचं ते सगळं नीट सांगितलं होतं. त्याने सांगितलं म्हणून मी त्याच्या उलट केलं. माझ्या आत्याचा जीव माझ्या हट्टाने जात होता."

रामजीने जमिनीकडे पाहिलं.

आत्या घरी आल्यावर शेट स्वतः शहरात गेला. धुलाईच्या कारखान्यात विश्राम एका बंबाखालून अर्धा बाहेर आलेला होता. शेटने सगळं सांगितलं. आत्याचं ऐकताना विश्रामचा चेहरा उतरला. तिला आता बरं आहे असं कळलं, तेव्हा त्याने मोठा श्वास सोडला आणि लगेच विचारलं, "पोती? खिडकीत? डाळीची पोती ठासलीत?" आणि तो इतक्या मोठ्याने हसला, की कारखान्यातली माणसं पाहायला आली. विश्रामने ती गोष्ट त्यांनाही सांगितली. शेट उभा राहून ऐकत होता. कान तापले, पण तो निघून गेला नाही.

"येशील ना बसवायला?" त्याने विचारलं.

"आत्याबाईंसाठी येणार नाही तर काय?" विश्राम म्हणाला. "ताईला सांगा, भरल्या वांग्याचा बेत कर."

विश्राम आला. या वेळी शेट त्याच्या मागे मागे फिरून हत्यारं देत होता. जळक्या फळ्या काढून तिथे विटांची भिंत घातली. बंब दगडी ओट्यावर, भिंतीपासून सुटा बसवला. टाकी घराबाहेर गेली आणि तोटी बाहेरून हाताला येईल अशी लावली. नळकांडं भिंतीतून निघून छपराच्या वर गेलं आणि त्याच्या डोक्यावर पावसासाठी टोपी बसली. खिडकीची दारंच विश्रामने काढून टाकली आणि जाळी ठोकली. "आता तुम्हाला बंद करायचा मोहच नको," तो म्हणाला. दाराशी वाळूची बादली ठेवली. मग बंब पेटवून त्याने नळकांड्याच्या सांध्यांशी जळती उदबत्ती धरली. धूर कुठेही उलटा आला नाही. तो सरळ वर ओढला गेला आणि छपरावरून निघून गेला.

काम अव्वल झालं होतं, पण विश्राम होता तसाच राहिला. गावभर फिरून त्याने पोत्यांची गोष्ट सांगितली आणि दर वेळी एक पोतं वाढवलं. रात्रीच्या मुक्कामाला घरातली सर्वांत जाड घोंगडी त्यानेच घेतली. शेटला तो आवडायला लागला, असं काही झालं नाही.

निघायच्या दिवशी सगळे जेवायला बसले. विश्रामने पहिला घास घेतला, भुवई उचलली आणि मोठ्याने म्हणाला, "ताई, वांग्यात मीठ कमी आहे."

शेटच्या ओठांवर शब्द आले होते, "मुळीच नाही, अगदी बरोबर आहे." गोदाबाई त्याच्याकडे पाहत होती. आत्याबाईही पाहत होती. शेटने तोंड मिटलं. घास घेतला. सावकाश चावला.

"मीठ आण गं," तो म्हणाला. "कमीच आहे."

तात्पर्य: सांगणारा नावडता असला, म्हणून त्याचं सांगणं खोटं ठरत नाही. आग आणि धूर मानपान ओळखत नाहीत. तेव्हा हिताची गोष्ट कोण सांगतो हे न पाहता, तो काय सांगतो हे पाहावं.