चित्रांगीचे कुरण

कृतयुगाचा पहिला चरण सरत होता, तेव्हा विंध्याच्या उत्तरेस क्षितिजापर्यंत पसरलेल्या तृणभूमीवर शाद्वल नावाचे तपोनिधी धर्मपत्नी अनुविंदेसह आश्रम करून राहत होते. तेथे वृक्ष विरळ होते. कमरेइतके गवत मात्र समुद्रासारखे हेलावत असे आणि त्यातून काळविटांचे कळप निर्भयपणे चरत असत.

एके दिवशी चित्रांगी नावाची चित्त्याची मादी यज्ञकुंडासमोर येऊन नतमस्तक झाली. तिची चार पिल्ले तीन दिवस उपाशी होती.

"हे मुनिश्रेष्ठा, सिंहाला बळ आहे, बिबट्याला झाड आहे. मला या उघड्या रानात काळवीट गाठता येत नाही. मला वेग द्या."

मुनींनी स्मरण करताच वायुदेव प्रकट झाले. "वेग देईन," ते म्हणाले, "परंतु जड देहात मी थांबत नाही. येथील रीतीप्रमाणे वर घेणाऱ्याने आपले काहीतरी अग्नीला अर्पावे."

चित्रांगीने प्रथम आपली गर्जना अर्पिली, मग हाडांचा भार, आणि शेवटी नख्यांची म्याने. उघड्या नख्यांनी धावताना जमीन धरता येईल, असा तिचा विचार.

अनुविंदा हसली. "अगं, इतके देऊन बसलीस, उद्या तरसही तुला हुसकावील."

"हुसकावू दे, माते. पळणेच तर मागते आहे."

तेव्हा अनुविंदेने कुंडाची काजळी बोटावर घेऊन तिच्या डोळ्यांपासून ओठांपर्यंत दोन रेघा ओढल्या. "सिंह रात्री हिंडतो, तू दिवसा हिंड. ऊन डोळ्यांवर येणार नाही."

चित्रांगी धावली. तिचा कणा धनुष्यासारखा वाकला आणि सुटला, लांब शेपटीने वळणावळणाला तोल सावरला, आणि काळवीट पडले. पण वायुदेव काही श्वासांपुरतेच थांबले होते; ती शिकारीशेजारी धापा टाकत बसली. पाठीवर राखाडी केस मिरवणारी पिल्ले येऊन खाऊ लागली. त्यांची पोटे भरतात न भरतात, तोच रक्ताच्या वासाने जागा झालेला सिंह आला.

"बाजूला हो. राजाचा वाटा आधी."

"राजे जरा उशिरा आले," असे म्हणून चित्रांगी पिल्लांसह बाजूला झाली.

हे पाहून क्रुद्ध झालेल्या मुनींनी सिंहाला शाप देण्यासाठी ओंजळीत जल घेतले. चित्रांगी आडवी आली.

"शाप नको, मुनिवर्य. झुंजीत माझा पाय मोडला, तर उद्या पिल्लांना कोण भरवील? त्यांचे आजचे भागले. मी पुन्हा धावेन."

मुनी अडचणीत पडले. "घेतलेले जल शब्दावाचून सोडता येत नाही. आता काहीतरी माग."

"हे गवत असेच राहू द्या. झाडी दाटली, तर मी धावू कोठे?"

"तथास्तु. जोवर कुरण मोकळे, तोवर तुझा वंश येथे धावेल. कुरण सरेल तेथून तो नाहीसा होईल."

"हा अर्धा शापच झाला," अनुविंदा हळूच म्हणाली.

"जल शापासाठी घेतले होते," मुनी ओशाळून म्हणाले.

"चालेल," चित्रांगी म्हणाली. पिल्लांना पाखरासारखी साद घालत ती वारुळावर चढली आणि दूरवर मोकळे पसरलेले गवत तृप्तपणे पाहत बसली.

तेव्हापासून चित्ता गर्जत नाही, आणि शिकार कोणी हिसकावली तर झुंजत बसत नाही. आणि जेथून कुरण गेले, तेथून तोही कोणाशी न भांडता निघून गेला.