म्हशीचा अंगारा

"पण बावा, हात थांबल्याशिवाय आत घालू कसा?"

केरबा गोठ्याच्या दारात उभा होता. उजवा हात त्यानं डाव्या हातानं घट्ट धरला होता. तरी तो कापत होता. लहानपणी मोठा ताप आला, तेव्हापासून तो असाच कापायचा.

आत हौसाबाईची म्हैस, चांदी, आडवी पडली होती. रेडकू अडलं होतं. एक पाय बाहेर, दुसरा आत दुमडलेला. तालुक्याचा जनावरांचा डॉक्टर उद्या येणार होता. चांदी उद्यापर्यंत राहिली नसती. हौसाबाईच्या घरात दुसरं जनावर नव्हतं, आणि कमावतं माणूसही नव्हतं. घर चालायचं ते चांदीच्या दुधावर.

बावा टेकडीवरच्या मठातून केरबाला घेऊन उतरले होते. अडलेली जनावरं सोडवण्यात त्यांची हयात गेली. पण आता सांधेवातानं बोटं आल्याच्या तुकड्यासारखी वाकडी झाली होती. मूठ उघडत नव्हती.

"तुला सगळं ठाऊक आहे," बावा म्हणाले. "तेलाची वाटी घेऊन माझ्याशेजारी कितीदा बसलास!"

"ठाऊक आहे. पण हात..."

"देवावर विश्वास आहे ना?"

"पुरता आहे, बावा. माझ्यावरच नाही."

"तुझ्यावर ठेव, असं कुणी सांगितलं?"



हौसाबाईनं चांदीसाठी देवाचा अंगारा मागितला होता. मठातून निघताना केरबानं तो पुडीत बांधून घेतला होता. आता त्यानं पुडी सोडली. डोळे मिटले. चिमूटभर अंगारा आपल्याच मनगटाला चोळला. थोडं थांबला. मग उरलेलाही चोळला.

हौसाबाई बघतच राहिली.

"अरं, माझ्या म्हशीचा अंगारा संपवलास की रं!"

बावांनी वाकड्या मुठीनं कपाळ बडवलं.

"थांबला हात?"

"नाही, बावा."

"बरं."

बावा गवताच्या पेंढीवर बसले. मांडी घातली.

"तूही बस. तुझा हात थांबेपर्यंत नाम घेऊ. हौसा, चांदीला सांग, कळा जरा आवरून धर म्हणावं. आमचा केरबा तयार होतोय."

"चेष्टा करताय, बावा?"

"चेष्टा तू मांडलीस. रोज देवापुढं तेच. मी दुबळा, मी नालायक, मला काही जमत नाही. ऐकून ऐकून त्याचे कान किटले असतील. कधी त्यालाही बोलू दे."

"तो काय बोलणार..."

चांदी रेकली. आवाज मोठा नव्हता. दमलेला होता.

बावांनी डोळे मिटून घेतले.

ती पुन्हा रेकली. या वेळी अर्ध्यातच थांबली.

"बावा..."

बावांनी डोळे उघडले नाहीत.

हौसाबाई आता कुणाकडेच बघत नव्हती. चांदीचं डोकं मांडीवर घेऊन ती तिच्या कानात काहीतरी पुटपुटत होती.

केरबानं सदरा काढला. साबणानं हात पार वरपर्यंत धुतला. अंगारा वाहून गेला. तेल लावताना निम्मं तेल जमिनीवर सांडलं.

"कापतोय, बावा," तो गुडघ्यांवर बसत म्हणाला. "असाच घालू?"

"दुसरा आणलायस?"

केरबानं हात आत घातला.

"काय लागतंय?" बावांनी विचारलं.

"गुडघा... दुमडलाय."

"रेडकू मागं सार. खूर मुठीत झाकून घे, नाहीतर आतून फाडशील. कळ येऊ दे... जाऊ दे... हां, आता."

केरबाचे ओठ हलत होते. नाम घेत होता की शिव्या देत होता, कळत नव्हतं.

"सरळ झाला! बावा, पाय सरळ झाला!"

"मला काय सांगतोस? ओढ! कळेबरोबर ओढ. हौसा, तूही ये इकडं."

बऱ्याच वेळानं रेडकू गवतावर येऊन पडलं. काळं, ओलं, निपचित. केरबानं त्याच्या नाकातोंडातला चिकटा काढला. नाकात गवताची काडी फिरवली.

रेडकू शिंकलं.

हौसाबाई रडायला लागली. चांदीनं मान उचलून मागं पाहिलं.

केरबा सरकून भिंतीला टेकला. रक्तानं माखलेला हात त्यानं डोळ्यांसमोर धरला. तसाच बघत राहिला. मग त्याचा चेहरा पडला.

"मला वाटलं होतं, आता तरी थांबेल. बावा, अजून कापतोच आहे."

बावांनी आढ्याकडे बघून मोठा सुस्कारा सोडला. मग रेडकाकडे मान वळवली...

"तेही कापतंय," ते म्हणाले. "पूस त्याला."