उघडू नकोस म्हटलेली बरणी

बंदराकाठच्या एका गावात मुकुंद केळुसकर नावाचा एक हौशी गृहस्थ राहत होता. त्याला तंबाखूच्या जुन्या बरण्या जमवण्याचा नाद. चिनी मातीच्या, पितळी, आतून लाकडाचं अस्तर लावलेल्या, अशा चाळीस बरण्या त्याच्या कपाटात होत्या. कोणती कुठल्या बोटीवरून उतरली, कुठलीच्या काठाचा टवका उडालाय, सगळं त्याला तोंडपाठ. पण एकाही बरणीत त्याने कधी तंबाखू ठेवली नव्हती. मुकुंद ओढतच नसे.

त्याचे मित्र दाऊद सारंग मात्र पाइप ओढत. त्यांची बायको मरियम संत्र्याची साल वाळवून तंबाखूत मुरवायची. ती गेली, आणि तिच्या हातची वाटीभर तंबाखू मागे राहिली. दाऊदभाई दर शुक्रवारी त्यातून तेवढा एक पाइप भरत.

एकदा त्यांना डोळ्यांच्या ऑपरेशनसाठी तीन महिने लेकीकडे जावं लागलं.

"तिच्या घरात पाइपचं नाव काढलं तरी ती खोकते," दाऊदभाई म्हणाले. "ही तंबाखू ही तंबाखू तू ठेव, मुकुंदा. बरण्यांतलं तुझ्याइतकं कुणाला कळतं? झाकणाच्या आत खापरीचा तुकडा भिजवून बसव. तेवढा ओलावा तिला पुरतो. मग उघडू मात्र नकोस."

मुकुंदाने सगळ्यांत घट्ट झाकणाची बरणी निवडली, सांगितलं तसं केलं आणि झाकण लावलं.

तिसऱ्या दिवशी जेवता जेवता त्याच्या एकदम मनात आलं. वाळली तर नसेल? त्याने जाऊन झाकण उघडलं. संत्र्याचा मंद वास आला. जीव भांड्यात पडला. पण दुसऱ्या दिवशी पुन्हा तीच धाकधूक. मग सकाळ-संध्याकाळ झाकण उघडू लागलं. दर वेळी थोडा ओलावा उडून जाई. तंबाखू बोटांना कोरडी लागे. मुकुंद घाबरून खापरी पुन्हा भिजवी, आणि उद्याची काळजी म्हणून दोन थेंब जास्तच.

"अहो, भात शिजला का बघायला सारखं झाकण काढलं, तर तो शिजायचा कधी?" बायको म्हणाली.

"भात बिघडला तर दुसरा टाकता येतो," मुकुंद म्हणाला, आणि पुन्हा बरणीकडे गेला.

दुसऱ्या महिन्यात तंबाखूवर पांढरी बुरशी आली.

दाऊदभाई परत आले, तेव्हा मुकुंदाने बरणी त्यांच्यापुढे ठेवली.

"दाऊदभाई, बिघडली. माझ्याच हातून."

"पाणी गेलं का आत?"

"मीच घातलं. वाळली की काय म्हणून रोज बघत होतो."

"रोज?"

"दिवसातून दोनदा."

दाऊदभाईंनी बरणी जवळ ओढली. मग त्यांनी बोटाने बुरशी बाजूला सारली. तळाशी चिमूटभर धड होती. ती त्यांनी पाइपमध्ये भरून पेटवली. ओटीवर संत्र्याचा वास दरवळला. चार झुरक्यांत पाइप विझला.

"तुझ्यावर राग नाही रे," राख झाडत ते म्हणाले. "पण आता तिच्या हातचं माझ्याकडे काही उरलं नाही."

तात्पर्य: जे जिवापाड जपायचं, त्याला कधी कधी हात न लावणं हीच त्याची राखण असते. आपली धाकधूक शमवण्यासाठी घेतलेली काळजी त्याच्या उपयोगी पडत नाही, उलट त्याचाच घास घेते.