चरकापाशी हाक कोणी मारायची

फार मागे, माणसाला उसाची गोडी कळायच्याही आधी, जनावरांचं एक गुऱ्हाळ होतं. डोळ्यांना झापड बांधलेला बैल चरक ओढायचा आणि वानर त्यात ऊस सारायचा. उसाबरोबर वानराचा हात आत जाऊ लागला, तर बैलाला "थांब!" म्हणून हाक मारायला कोणीतरी हवं होतं.

टिटवी आली आणि मैना आली. टिटवीला एकच ओरड येत होती, तीही कर्कश. मैना गात होती, गावगप्पा सांगत होती आणि हाकही चटकन मारत होती.

वानरानं भीत भीत विचारलं, "मैनाताई, तू गात असताना माझा हात अडकला तर?"

"कडवं संपलं की लगेच हाक मारीन हो, वानरभाऊ."

"लगेच म्हणतेय ना? मग झालं तर!" बैल म्हणाला, आणि मैना ठरली.

एक दिवस वानराचा हात खरंच अडकला. मैनेनं कडवं संपवलं आणि लगेच हाक मारली.

"एरवी किती चटकन ओरडते बिचारी," असं म्हणत सगळे पुन्हा निवड करायला बसले. मैनेसाठी पुष्कळ शेपट्या वर झाल्या. टिटवीसाठी एकट्या वानरानं हात वर केला. त्या हाताला दोन बोटं कमी होती.